म्हशीपासून बावीस पावलं

आमच्या घराचं आढं वीस वर्षं खाडीच्या चिखलात पुरलेलं होतं. आढं म्हणजे कौलारू छपराच्या अगदी माथ्यावरून जाणारं मुख्य लाकूड. बाकीचं सगळं छप्पर त्याच्यावर रेलून बसतं. ते नेमकं कुठे पुरलंय हे विसरायला नको म्हणून बाबांनी जागा नीट मोजून ठेवली होती. म्हशीपासून.

हे मी स्वरूपला सांगितलं तेव्हा त्याने वहीत ‘म्हैस’ असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. स्वरूप माझा शाळेतला मित्र आणि आता आमच्या घराचा कंत्राटदार. उंची सव्वासहा फूट, स्वभाव लोखंडी.

“लोखंडी पाइप टाकू,” तो म्हणाला. “तपकिरी रंग मारला की कुणाला कळतंय?”

“आईला.”

“काकींना सांगू की फणसाचाच पाइप आहे.”

आईची अट सरळ होती. भिंती कसल्याही घाला, फरशी कुठलीही बसवा, पण आढं माझ्या फणसाचं नसेल तर मी मांगरातून हलणार नाही. आणि आई हलणार नाही म्हणाली की नाही हलत. वादळात मांगरावरची निम्मी कौलं उडाली तेव्हाही ती, “थांब, भात शिजतोय,” म्हणाली होती आणि वरून पडणाऱ्या पाण्यातला थोडा भागच भातात जाईल अशा बेताने टोप सरकवत बसली होती.

मांगर म्हणजे बागेत अवजारं, गवत आणि घरच्यांवर रुसलेला माणूस ठेवायची जागा. आमचा मांगर बाबांनी आठ दिवसांत उभा केला, हाताला लागेल त्या सामानातून. माडाचं खोड, मोडकी कौलं, कुणाच्या तरी पडवीचे उरलेले वासे. घर होईपर्यंत तात्पुरता. त्याला आता एकतीस वर्षं होतील. माझा जन्म तात्पुरत्या घरातला, माझी मुंज तात्पुरत्या घरातली. माझ्या शाळेच्या दाखल्यावरच्या पत्त्यात तेवढा ‘तात्पुरता’ हा शब्द राहून गेलाय.

कारण आमच्या घराण्यात घर बांधायची परंपरा नाही. सामान तयार ठेवायची आहे.

बाबा पोफळीला पॉवरहाऊसमध्ये होते. आठवडाभर डोंगराच्या पोटात यंत्रांची देखभाल करायची, शनिवारच्या एसटीने घरी यायचं आणि रविवारी घराचं सामान तयार करायचं. त्यांचा कशावरच पटकन विश्वास बसत नसे. चिरे आणायला खाणीवर गेले की प्रत्येक चिऱ्यावर रुपयाचं नाणं वाजवून कान लावायचे. ज्याचा आवाज बसका तो बाद. ज्याच्यात पांढऱ्या मातीचे डाग तो बाद. खाणवाला एकदा वैतागून म्हणाला, “रावजीशेट, घर बांधताय की तबला?” पसंत पडलेले चिरे बागेत रचायचे, पण चिकटून नाही, मध्ये बोटभर फट ठेवून. जांभा दगड खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, वारा-पाऊस खाऊन कडक होतो. तेव्हा एक पावसाळा त्याला खाऊ द्यायचा. मग उन्हाळ्यात सगळे चिरे उलटे करायचे, म्हणजे दुसऱ्या बाजूला उपास पडायला नको. दुसरा पावसाळा झाला की बाबांना वाटायचं, दोन्ही बाजू झाल्या, कडांचं काय?

कौलांचीही परीक्षा असे. पिंपात बुडवून ठेवायची आणि बाहेर काढून तोलायची. जास्त पाणी पिणारं कौल बाजूला. “हे दारुडं,” बाबा म्हणायचे. “ऐन आषाढात घरच्यांच्या अंगावर येणार.” नापास झालेली सगळी दारुडी कौलं मांगरावर चढवली जायची. आम्ही त्यांच्याखाली राहायचो. चांगली कौलं बागेत गवताखाली झाकलेली, कोरडी, सुखात.

रात्री बाबा जमिनीवर अंथरूण टाकून उताणे पडायचे, वर मांगराच्या माडाच्या आढ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, “हे तात्पुरतं आहे हां.” कुणी काही विचारलेलं नसायचं. आई म्हणायची, “झोपा आता.” दर शनिवारी हेच. मला लहानपणी वाटायचं ही प्रार्थना आहे.

फणस मात्र आईचा होता. म्हणजे लावलेला तिच्या सासऱ्यांनी, पण लग्न होऊन आली त्या वर्षी त्याने पहिल्यांदा धरलं, म्हणून तिचा. कापा फणस, गरे असे की पाहुणे लग्नाचं आमंत्रण द्यायला मुद्दाम मे महिन्यात यायचे. २००४ साली बाबांनी ठरवलं की आढ्याला हेच झाड. फणसाच्या जुन्या लाकडाला वाळवी तोंड लावत नाही, ते वाकत नाही, वगैरे. आई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “तोडा. पण माझा फणस तोडताय तर तो डोक्यावर ठेवायचा. खिडकीबिडकीत नाही घालायचा.” बाबांनी शब्द दिला. मग अमावास्येच्या जवळचा दिवस बघून, कारण चांदण्यात तोडलेल्या लाकडाला भुंगा लागतो, सदू सुतारांनी झाड पाडलं. रस निघून जावा म्हणून ओंडका चिखलात गाडायचा ठरला. बाबा आणि सदूकाका, दोघांनीच तो भरतीला होडीला बांधून तरंगत नेला आणि ओहोटी लागल्यावर खड्ड्यात लोटला.

एक पावसाळा ठेवायचा होता. मग बाबा म्हणाले, आणखी एक. असं करत करत निवृत्तीला चार महिने उरले, आणि बाबाच गेले. पोफळीला, कामावर, जेवणाच्या सुट्टीत. त्याला आता तीन वर्षं झाली.

तर ती जागा माहीत असलेला माणूस एकच उरला. सदूकाका सुतार. वय ऐंशी, दात तीन, पण करवतीची धार अजून अंगठ्याने बघतात.

“सोपं हाय,” सदूकाका म्हणाले. “सखूचा माड आणि गोदूबायची चंद्री एका रेषेत धरायची. चंद्रीपास्नं तीच रेघ सरळ खाडीकडं न्यायची. बावीस पावलं.”

“चंद्री कोण?” स्वरूपने वही उघडली.

“म्हैस.”

“आता कुठे असते?”

“२००९ला गेली.”

स्वरूपने तेही लिहून घेतलं.

“काका, आणि माड?”

“तो वादळात गेला.”

“म्हणजे दोन खुणा होत्या, त्यातली एक वारली आणि एक वाहून गेली.”

“मी रावजीला म्हटलं होतं,” सदूकाका शांतपणे म्हणाले, “खुणेला खांब पुरूया. तर म्हणतो, खांब कुणीतरी सरपणाला नेईल. म्हैस कोण नेणार? चंद्री रोज दुपारी त्याच जागी बसते, देवळाची घंटा चुकेल पण ती चुकायची नाय.”

मला यात चूक सापडली नाही. मी बाबांचा मुलगा आहे.

काळजी वेळेची होती. सदूकाकांनी बोटांवर हिशेब मांडला. चिखलातून काढलेलं लाकूड सावलीत निदान चार महिने वाळायला हवं, नाहीतर वर चढल्यावर फाटतं. छप्पर चैत्रात चढवायचं. म्हणजे कार्तिक अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला ओंडका बाहेर आला तर आला. नाहीतर पाइप. आणि पाइप म्हणजे आई मांगरात.

मी मनस्वीला फोन केला. मनस्वी माझी मोठी बहीण, चिपळूणला शाळेत गणित शिकवते. बाबांच्या सामानावर तिचा जुना राग आहे. तिचा दहावीचा निकाल लागला त्या दिवशी ती पेढे घेऊन बागेत गेली, तर बाबा म्हणाले, “ठेव तिथे, एवढी रांग उलटी करतो.” रांग संपेपर्यंत पेढ्यांना मुंग्या लागल्या होत्या.

“पाइप टाका,” ती म्हणाली. “बाबांनी घर बांधलं नाही, लाकडं भिजवली.”

“आई मांगरातच राहील मग.”

फोनवर वर्गातल्या गोंगाटाच्या पार्श्वसंगीतात कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला.

“रविवार आहे ना अमावास्येला? येते. पण मी चिखलात उतरणार नाही. बांधावर बसून हसणार.”

डिसेंबरची पहिली तारीख. दुपारी चारला खाडीचं पाणी बरंच मागे सरलं आणि वाडी पुढे सरायला लागली. मी कुणालाही बोलावलं नव्हतं. आमच्या गावात एखादी गोष्ट गुप्त ठेवायची असेल तर ती फक्त चिखलात पुरता येते, आणि त्यातही म्हैस लागते. आमचं गाव आरे-वाऱ्याच्या पुढे, जिथे पर्यटक ‘रस्ता संपला वाटतं’ म्हणून गाडी वळवतात त्याच्याही आत. त्यामुळे रविवारी बघण्यासारखं फारसं नसतं.

पहिला प्रश्न माडाचा. तो होता ती जागा सखूबाईंनी दाखवली, कारण माड त्यांचा. तिथे आता बंधाऱ्याचे दगड.

“इथे कुणीतरी उभं राहायला हवं,” सदूकाका म्हणाले. “उंच माणूस.”

सगळ्यांनी स्वरूपकडे बघितलं. स्वरूपने मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं.

तो दगडावर चढला. सखूबाई खाली उभ्या राहून त्याला निरखत होत्या.

“हात वर कर. झावळ्या होत्या त्याला.”

स्वरूपने हात वर केले.

“जरा वाकडा हो. माझा माड सरळ नव्हता.”

“कुठे वाकू?”

“खाडीकडे. अजून. आता थोडा कंटाळल्यासारखा उभा राहा. म्हातारा होता तो.”

ते स्वरूपला फार छान जमलं.

मग चंद्री. गोदूबाईंनी तिची जागा डोळे मिटून दाखवली. खाडीच्या काठाला एक खोलगट डबकं आहे, तिथे. मी घमेलं उपडं घातलं, त्यावर गोदूबाई बसल्या, पदर सावरून, आपल्याच म्हशीच्या जागी.

“तोंड कुठे असायचं तिचं?” मी विचारलं.

“घराकडं. माज्यावर लक्ष ठेवायची ती. मी कुठं गेले, कुणाशी बोलले, सगळं बघायची.”

“मग पावलं कुठून मोजायची? तोंडापासून की शेपटीपासून?”

यावर वाद झाला. शेपटी खाडीकडे, म्हणजे शेपटीपासून, असं एक मत. पण शेपटी हलते, असं दुसरं. सदूकाका म्हणाले, मधनं. गोदूबाई म्हणाल्या, मध्य सांगता येईल पण चंद्री माझ्यापेक्षा रुंद होती, त्याचा विचार व्हावा. शेवटी त्या घमेल्यावर जरा सैल बसल्या.

“माज्या म्हशीला इतकी माणसं कधी आली नव्हती बघायला,” त्या म्हणाल्या. “होती तेव्हा बिचारीला कुणी विचारलं नाय.”

आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला चंद्री दिसली. मी सहा-सात वर्षांचा असताना ती तिथे बसलेली असायची, पाण्याबाहेर नुसतं डोकं आणि पाठीचा काळा डोंगर, त्यावर एक बगळा. मागे वाकडा माड. मला वाटायचं हे सगळं इथलंच आहे, दगडासारखं, आपण मोठे होऊ पण हे असंच राहील. बाबांनाही तसंच वाटलं असणार, नाहीतर माणूस म्हशीवरून मोजमाप घेत नाही.

मी रेघ धरली. माड, म्हैस, खाडी. लोखंडी सळी खांद्यावर घेतली आणि बावीस पावलं मोजत चिखलात शिरलो. बाविसाव्या पावलाला सळी खुपसली. खुपसतच गेली. दोन हात डावीकडे. काही नाही. दोन हात उजवीकडे. टक्क. मी आणि वाडीतल्या तिघांनी हातभर खणलं आणि एक टायर निघाला. पुढच्या टक्कला कुकरचं झाकण.

“ते माजं,” म्हैस घमेल्यावरून म्हणाली. “धाकटीच्या बारशात हरवलेलं. ठेव बाजूला.”

तासभर गेला. पाणी आता जितकं मागे जायचं तितकं गेलं होतं आणि खाडीच्या मध्ये जरासं थांबलं होतं. आणखी अर्ध्या तासाने परत फिरणार. बंधाऱ्यावर स्वरूपचे हात खांद्यापर्यंत खाली आले होते. सखूबाई म्हणाल्या, तसा उन्हाळ्यात माडही उतरायचा. आई काठावर उभी होती. ती सळीकडे बघत नव्हती, माझ्या पायांकडे बघत होती.

“पावलं कुणाची?” ती म्हणाली.

“माझी.”

“सदूभावजी, तेव्हा पावलं कुणी टाकली होती?”

“रावजीनं. मी टाकायला गेलो तर म्हणालान, तुझी नकोत. तू सुतार, इंचात चालतोस.”

बाबांना टेपवर भरवसा नव्हता. टेप उन्हात वाढतो म्हणायचे. चिऱ्याची रांग, विहिरीचा कठडा, भाताची खाचरं, सगळं पावलांनी. पोफळीला क्वार्टरपासून कामाच्या जागेपर्यंत किती पावलं हेही त्यांना पाठ होतं. लांब पाऊल, सावकाश, जमिनीला विचारून टाकल्यासारखं. माझं पाऊल तसं नाही. मी ऑफिसात प्रिंटरपर्यंत चालणारा माणूस.

“तुझ्यानं नाही व्हायचं,” आई म्हणाली. “मनीला सांग. मनीचं पाऊल त्यांचं आहे.”

मनस्वी बांधावर बसून ठरल्याप्रमाणे हसत होती. ती हसायची थांबली.

यालाही कारण आहे. लहानपणी कधी कधी बाबा रविवारी सकाळी आम्हाला आरे-वाऱ्याच्या वाळूत फिरायला न्यायचे. बाबा पुढे, त्यांच्या मागे मनस्वी, त्यांच्या प्रत्येक ठशात आपला पाय टाकत. तिला ते अंतर पुरायचं नाही, ती उड्या मारायची, पडायची, उठून परत ठसा गाठायची. अख्खा किनारा तिने असा पार केलाय, कित्येक वर्षं, उड्यांची पावलं होईपर्यंत. मी तेव्हा बाबांच्या खांद्यावर असायचो. त्यामुळे मला त्यांचं पाऊल कधी कळलंच नाही. मला त्यांचं टक्कल कळलं.

“मी उतरणार नाही म्हटलं होतं,” मनस्वी म्हणाली.

“हो,” आई म्हणाली.

मनस्वीने चपला काढल्या. सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली. गोदूबाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली, मागे वळून माडाकडे बघितलं. माडाने परत हात वर केले आणि नीट वाकडा झाला.

ती निघाली. मोठ्याने मोजत नव्हती, पण काठावरचे सगळे मनात मोजत होते, ओठ हलत होते. लांब पाऊल. सावकाश. घोट्यापर्यंत चिखल, मग पोटरीपर्यंत, पण अंतर तेवढंच. सात पावलं झाली आणि तिने चालता चालता कमरेशी हात नेला, काहीतरी वर ओढून खोचल्यासारखं केलं. खोचण्यासारखं तिथे काही नव्हतं. बाबा लुंगीत चालायचे आणि दर सात-आठ पावलांनी ती वर खोचायचे.

“खोचलान बघ,” आई म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे.

पंधराव्या पावलाला मनस्वीने पुन्हा खोचली. बाविसाव्याला थांबली. ती मी थांबलो होतो तिथून चांगली माणूसभर पुढे होती. मी सळी घेऊन गेलो. ती चिखलात उभी, माझ्याकडे न बघता पायाखाली बघत.

“सातवी-आठवीत असताना एकदा मी ठसे न बघता त्यांच्याबरोबर चालले होते,” ती म्हणाली. “एकाच वेळी पाय पडत होते. त्यांना कळलं नाही.”

मी सळी खुपसली. कमरेइतकी गेली आणि थांबली. टक्क नाही झालं. ठप्प झालं. दार बंद केल्यासारखं, पण घरातल्या घरात.

पुढचं वर्णन करण्यासारखं नाही, कारण पुढे सगळ्यांनाच चिखल लागला आणि कोण कोण ते ओळखू येईना. खणलं, होडीचा दोर अडकवला, माडाच्या खोडाचे तुकडे खाली सरकवत ओढलं. माडाला सुट्टी मिळाल्यावर स्वरूप धावत आला आणि सर्वांत पुढे लागला. खांदे दुखत असणार, पण दोन तास झाड झाल्यावर माणसाला हालचालीची किंमत कळते. भरतीचं पाणी आमच्या टाचांना लागलं तेव्हा ओंडका काठावर होता. अठरा फूट, काळाकुट्ट, खाडीचा वास मारणारा. सुदैवाने वरपासून खालपर्यंत चिखलात होता. थोडा जरी उघडा राहिला असता तर खाडीतल्या किड्यांनी चाळण केली असती.

सदूकाकांनी कोयत्याने एक पापुद्रा काढला. आत हळदीसारखं पिवळं.

मग त्यांनी हातोडीच्या दांड्याने ओंडक्यावर तीन ठिकाणी वाजवलं आणि कान लावला. गोदूबाईंनी कुकरचं झाकण छातीशी धरलं होतं. सदूकाका बराच वेळ ऐकत राहिले, जणू आतून कुणी लांबलचक काहीतरी सांगत होतं.

“चांगलं हाय,” ते उठत म्हणाले. मग थोडं थांबून, “अजून एक पावसाळा राहिलं असतं तर—”

“सदूभावजी,” आई म्हणाली, “पुरे.”

ओंडका सावलीत वाळायला हवा आणि आमच्याकडे सावली एकच, मांगराची. मांगर चौदा फुटी, ओंडका अठरा फुटी. मी म्हटलं, बाहेर पडवी काढू. आई आत गेली, पहार घेऊन आली आणि मागच्या भिंतीला भोक पाडायला लागली. जी भिंत एकतीस वर्षं उद्या पडेल म्हणून कुणी दुरुस्त केली नाही, ती पडायला तासभर लागला. एवढी ती मजबूत निघाली.

मग चार महिने आम्ही त्या ओंडक्याबरोबर राहिलो. दोन्ही टोकांना शेण लिंपलेलं, म्हणजे घाईने वाळून फाटू नये. डोकं घरात, पाय बागेत, वर विणलेल्या झावळ्यांच्या झापाचा आडोसा. जेवताना त्याच्यावर ताट ठेवता यायचं. आईने एकदा ओले पंचे वाळत घातले तर सदूकाका आमच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. दर आठवड्याला येऊन ते वाजवून ऐकायचे आणि आवाज कोरडा होत चालल्याची बातमी वाडीभर सांगायचे. मनस्वी दर शनिवारी चिपळूणहून यायला लागली. का येतेस, असं मी विचारलं नाही. ती यायची, ओंडक्यावर बसायची, वह्या तपासायची.

मधल्या काळात एक अडचण निघाली. स्वरूपच्या नकाशात मधलं दालन वीस फुटांचं होतं. आढं अठरा फुटांचं.

“जोड देऊ,” स्वरूप म्हणाला. “दोन फूट लोखंड—”

आई नुसती बघत राहिली. स्वरूप जागेवर गेला, जमिनीवर आखलेली फक्कीची रेघ पायाने पुसली आणि दोन फूट आत नवी मारली. लोक घराच्या मापाचं लाकूड आणतात. आम्ही लाकडाच्या मापाचं घर आणलं. मनस्वीने चालून बघितलं तर नवं अंतर बरोबर सात पावलं निघालं. म्हणजे भिंतीपाशी पोचलं की लुंगी खोचायची वेळ.

भिंती बाबांच्या चिऱ्यांच्या झाल्या. सगळ्या बाजूंनी पावसाळे खाऊन ते इतके कडक झाले होते की गवंड्याची दोन हत्यारं मोडली. चैत्रात सदूकाकांनी आढं तासलं, चौकोनी केलं, बाबांनी डब्यात भरून ठेवलेलं काजूच्या टरफलाचं काळं तेल त्याला पाजलं. त्या वासाने शेजारच्यांना महिनाभर पुरेल एवढं डोकं दुखलं. गुढीपाडव्यानंतरच्या पहिल्या रविवारी बाराजणांनी ते वर चढवलं. त्यावर वासे आले, रिपा आल्या, आणि एकही दारुडं नसलेली कौलं आली.

काम संपलं, माणसं हात धुवायला गेली. मी आईला म्हटलं, “बघून घे.”

आई आत आली. जमीन अजून झाली नव्हती, नुसती ठोकलेली लाल माती, त्यात भुसा आणि खिळे. तिने वर बघितलं. मान मागे टाकून बघितलं, भिंतीला टेकून बघितलं. समाधान होईना. मग तिने पायाने खिळे बाजूला केले, पदर कमरेला खोचला आणि सरळ मातीत उताणी पडली. बाबा मांगरात पडायचे तशी.

मनस्वी तिच्या शेजारी पडली. दारातून गोदूबाई आल्या, त्यांनी एकदा दोघींकडे बघितलं, एकदा वर बघितलं आणि “सरका गो,” म्हणून त्याही आडव्या झाल्या. मी फोटो काढायला मोबाईल काढला. पण उभ्याने त्या तिघी आणि आढं एकत्र येईनात, म्हणून मीही खाली पडलो. मग फोटो राहिलाच.

खालून ते पिवळं कमी आणि काळपट जास्त दिसत होतं. एका जागी मोठी गाठ होती. तिथून फांदी फुटलेली असणार, जिला खालच्या अंगाला सर्वांत मोठे फणस लागायचे.

“लागायचे ते तिथेच,” आई म्हणाली.

बाहेर सदूकाका कुणाला तरी सांगत होते की अजून एक पावसाळा.

“उंच आहे,” आई शेवटी म्हणाली. “कोळिष्टकं काढायला कोण चढणार आहे एवढं?”